पीएसपीचा संशय असेल तर एमआरआय: चिठ्ठीपासून मोजमापापर्यंत

'एमआरआय ब्रेन प्लेन. वयोमानानुसार मेंदूचं आकुंचन. बाकी विशेष काही नाही.' हा रिपोर्ट हातात असतो, आणि पेशंट मात्र महिन्यातून चार वेळा उताणा पडत असतो. अशा वेळी सीडी उघडली की बहुतेकदा मशीनचा किंवा पेशंटचा काही दोष निघत नाही. मिडब्रेन, म्हणजे ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या देठाचा) वरचा भाग, बघायला जो छेद, म्हणजे कापासारखी इमेज, लागतो तो बारीक काढलेला नसतो, नाहीतर काढलेला असतो पण कुणी मोजलेला नसतो. पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, हा ब्रेनस्टेम झिजवणारा आजार लाखात पाच-सात जणांना असतो. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या टोरांटोच्या डॉक्टरांनी १९६४ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. टाऊ नावाचं प्रथिन पेशींमध्ये साचत जातं आणि मिडब्रेन बारीक होत जातो. हे बारीक होणं दिसतं मेंदूच्या बरोब्बर मध्यरेषेवरच्या उभ्या छेदात. हा छेद नीट कसा मिळवायचा आणि त्याचं काय करायचं, ते पुढे दिलंय. काही भाग घरच्यांसाठी आहे, काही चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि बराचसा मशीनवरच्या माणसासाठी.

कुणाचा काढायचा

साठी ओलांडलेला माणूस, चाल मंदावलेली, पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू पण म्हणावा तसा फरक नाही, आणि आजार सुरू झाल्यापासून पहिल्या तीन वर्षांतच पडायला लागलेला, तोही मागच्या मागे. डोळे वरखाली हळू फिरतात. घरचे सांगतात की ताटातलं दिसत नाही म्हणून शर्टावर सांडतं, जिना उतरताना पायरी चुकते. चष्मा दोनदा बदलून झालेला असतो. इतकं जुळत असेल तर एमआरआय हवाच.

सीटी स्कॅन यासाठी चालत नाही. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे ब्रेनस्टेमवर काळे-पांढरे पट्टे येतात आणि मिडब्रेनची कड धड दिसत नाही. मात्र पडून डोक्याला मार लागला, त्यानंतर झोपाळूपणा, उलटी किंवा एका बाजूची ताकद कमी, असं काही असेल तर त्याच दिवशी सीटी काढायचा. तेव्हा शोध असतो तो सबड्युरल, म्हणजे मेंदूच्या आवरणाखालच्या, रक्तस्रावाचा. पीएसपीचा तपास मग मागाहून होऊ दे.

चिठ्ठीवर काय लिहायचं

अर्ध्या स्कॅनचा निकाल इथेच लागतो. 'एमआरआय ब्रेन' एवढंच लिहिलं तर सेंटर आपलं रोजचं पॅकेज चालवतं. त्यात सॅजिटल (बाजूने दिसणारे उभे) छेद ५ मि.मी. जाडीचे असतात आणि दोन छेदांमध्ये साधारण १ मि.मी. मोकळी जागा सोडलेली असते. पक्षाघात, गाठ, रक्तस्राव यांना ते पुरतं. मिडब्रेनचा जो भाग आपल्याला मोजायचाय तो मात्र इतका लहान आहे, की ५ मि.मी.च्या छेदात मध्यरेषेबरोबर बाजूचे सेरेब्रल पेडंकलही (मिडब्रेनचे जाड खांब) मिसळतात. झिजलेला मिडब्रेन मग गुटगुटीत दिसतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.

चिठ्ठीवर साधारण हा मजकूर असावा: 'एमआरआय ब्रेन प्लेन. पीएसपीचा संशय. दोन वर्षांपासून मागे पडणे, वरखाली नजर मंद, लेव्होडोपाला प्रतिसाद कमी. कृपया थ्रीडी टी१ सॅजिटल, १ मि.मी. घ्यावे. मिडब्रेनचे क्षेत्रफळ, पॉन्सशी गुणोत्तर व एमआरपीआय कळवावे. पॉन्स, मिडल सेरेबेलर पेडंकल, पुटॅमेन, व्हेंट्रिकल्स यांवर शेरा द्यावा. १ मि.मी.च्या मूळ इमेजेस सीडीवर द्याव्यात.' यातली लेव्होडोपा ही पार्किन्सन्सची गोळी. थ्रीडी टी१ म्हणजे अख्ख्या डोक्याची सलग घेतलेली इमेज, जी नंतर कुठल्याही दिशेने कापता येते. पॉन्स हा मिडब्रेनच्या खालचा ब्रेनस्टेमचा भाग, सेरेबेलर पेडंकल म्हणजे ब्रेनस्टेमला लहान मेंदूशी जोडणारे पट्टे, पुटॅमेन हा मेंदूच्या खोल भागातला गोळा, व्हेंट्रिकल्स म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या. एमआरपीआय हा या मोजमापांतून काढायचा आकडा, त्याचं सूत्र पुढे येईल.

लक्षणं लिहायचा कंटाळा करू नका. 'गिडीनेस' एवढंच लिहून पाठवलं तर रेडिओलॉजिस्ट कानाच्या नसा बघत बसतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

कॉन्ट्रास्टची, म्हणजे इमेज उठावदार करायला शिरेतून देतात त्या औषधाची, गरज नसते. गाठ, सूज किंवा इन्फेक्शनची शंका असेल तरच तो द्यावा, आणि आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघावं. १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाचं मशीन या मोजमापाला पुरेसं आहे. केवळ ३ टेस्ला हवं म्हणून चालता न येणाऱ्या माणसाला गाडीत घालून पुण्या-मुंबईला नेण्यात अर्थ नाही. १.५ वरचा १ मि.मी.चा छेद ३ टेस्लावरच्या ५ मि.मी.च्या छेदापेक्षा कितीतरी कामाचा.

घरून निघताना

प्लेन एमआरआयला उपाशी राहावं लागत नाही आणि पार्किन्सन्सच्या गोळ्या बंद करायच्या नसतात. उलट गोळीचा असर असतानाची वेळ मागून घ्या. अंग सैल असलं की टेबलवर निजणं सोपं जातं.

धातूची चौकशी कोल्हापुरात जरा जास्तच बारकाईने करावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या किंवा उद्यमनगरातल्या लेथ-ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये हयात घालवलेली मंडळी आता साठी-सत्तरीत आहेत. 'शरीरात काही धातू आहे का?' असं विचारलं की ते सरळ 'न्हाई' म्हणतात. पस्तीस वर्षांपूर्वी डोळ्यात उडालेला कण त्यांच्या लेखी धातू नसतोच. म्हणून प्रश्न असा विचारा: 'ग्राइंडरवर काम केलंय का? डोळ्यात कधी कण गेला होता का? डॉक्टरांनी काढला होता का, की तसाच राहिला?' उत्तर हो किंवा 'आठवत नाही' असं आलं तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्सरे काढायचा. लोखंडाचा बारीक कण चुंबकात हलला तर डोळा जाऊ शकतो.

पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट यांचे कागद आधी दाखवा. हृदयातल्या स्टेंटला बहुतेक वेळा हरकत नसते, तरी त्याचंही कार्ड बरोबर ठेवा. साज, मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, दंडातला ताईत, कमरेचा करदोटा घरीच उतरवून ठेवा. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तापू शकते, आणि डोक्या-मानेजवळ असली तर इमेज बिघडवते. बोटात रुतलेली अंगठी आदल्या रात्री साबणाच्या पाण्याने काढा, सेंटरवर ओढाताण नको. कवळी आणि कानाचं मशीन काढायचं. औषधाचा पॅच चिकटवलेला असेल तर सांगायचं, काही पॅचमध्ये धातूचा पातळ थर असतो. गोंदण असेल तर तेही सांगून ठेवा.

पायात कोल्हापुरी नको. गुळगुळीत फरशीवर ती सटकते आणि हा पेशंट मुळातच मागे झुकलेला असतो. मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल बरी. बरोबर दोन माणसं हवीत, एक रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर आणि एक कायम पेशंटच्या हाताशी. जिने असलेलं सेंटर असेल तर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. खालची पायरी त्याला दिसत नाही हे तिथल्या लोकांना माहीत नसतं.

टेबलवर

टेक्निशियनने इथे दोन गोष्टी गृहीत धराव्यात: पेशंट न सांगता उठेल, आणि त्याला ठसका लागेल.

पीएसपीत तोल गेलेला असतो, पण सावधपणाही गेलेला असतो. मन म्हणेल तेव्हा माणूस झटक्यात उभा राहतो. टेबल खाली येईपर्यंत कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायला हवं. सूचना छोट्या आणि एका वेळी एकच द्या: 'तात्या, आवाज हुईल. हलायचं न्हाई. आमी आल्याबिगर उठायचं न्हाई.' प्रत्येक सीक्वेन्सच्या, म्हणजे स्कॅनच्या टप्प्याच्या, आधी हेच पुन्हा सांगा. उत्तर यायला पाच-दहा सेकंद लागतात, तेवढं थांबा. ऐकू येत नाही असं समजून ओरडू नका.

उताणं झोपल्यावर लाळ घशात उतरते. स्कॅन सुरू करण्यापूर्वी तोंड पुसून घ्या, गुडघ्याखाली उशी द्या आणि दोन मिनिटं नुसतं पडून राहू द्या. त्यातच खोकला येत असेल तर थुंकू देऊन मगच आत घ्या. हातातला रबरी बल्ब दाबायला त्याला उशीर होतो, त्यामुळे कॅमेऱ्यावरची नजर हटवू नका. काही झालंच तर टेबलसकट पेशंट बाहेर. साधं सक्शन मशीन किंवा ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर मॅग्नेट रूममध्ये नेणं जिवावर बेतणारं आहे.

मान मागच्या बाजूला ताठ असते, काहींची पुढे झुकलेली. दाबून सरळ करायला जाऊ नका. पोकळीत फोम भरा, डोकं दोन्ही बाजूंनी घट्ट बसवा आणि मान जशी आहे तशीच राहू द्या. थ्रीडी घेतलेलं असलं की छेद नंतर संगणकावर सरळ करता येतो. कॉइलचा (डोक्याभोवती बसवायच्या पिंजऱ्याचा) वरचा भाग बसतच नसेल तर लवचिक फ्लेक्स कॉइल वापरा. इमेज थोडी दाणेदार येईल, पण मोजता येईल.

गुंगीचं इंजेक्शन शक्यतो नको. या पेशंटना कापरं फारसं नसतं, समजावून सांगितलं तर बहुतेक जण स्थिर पडून राहतात. गुंगीत गिळणं आणखी बिघडतं, आणि घरी गेल्यावर पडण्याची भीती असते ती वेगळीच. द्यावंच लागलं तर भूलतज्ज्ञ हजर हवा आणि पोट रिकामं हवं: सहा तास अन्न नाही, दोन तास पाणी नाही.

सीक्वेन्सचा क्रम

थ्रीडी टी१ सगळ्यात आधी घ्या. रोजच्या सवयीने ते शेवटी राहतं, आणि तोवर वीस मिनिटं झालेली असतात, पेशंट चुळबुळत असतो. नेमका हवा तोच सीक्वेन्स मग हललेला येतो.

सीमेन्सवर हा सीक्वेन्स एमपीरेज नावाने सापडेल, जीईवर ब्राव्हो, फिलिप्सवर थ्रीडी टीएफई. सॅजिटल स्लॅब, व्हॉक्सेल (इमेजचा सगळ्यात छोटा ठोकळा) सगळ्या बाजूंनी १ मि.मी., एफओव्ही (इमेजमध्ये येणारं क्षेत्र) २५६, मॅट्रिक्स २५६ × २५६, सुमारे १७६ छेद. वेळांच्या सेटिंगमध्ये, सीमेन्सवर टीआर २००० मिलिसेकंदांच्या आसपास, टीआय ९००, टीई ३ च्या आत-बाहेर, फ्लिप अँगल ८ ते ९ अंश. पॅरलल इमेजिंग (स्कॅन लवकर उरकण्याची सोय) दोनच्या पटीत ठेवलं तर साडेचार-पाच मिनिटांत संपतं.

हे आकडे दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जसेच्या तसे भरू नका. सीमेन्समध्ये टीआर म्हणजे दोन इन्व्हर्जन पल्समधलं अंतर. जीई आणि फिलिप्सच्या स्क्रीनवर त्याच नावाखाली दोन एकोमधलं अंतर दिसतं आणि ते ७-८ मिलिसेकंदच असतं. तिथे कंपनीचा तयार थ्रीडी टी१ उघडावा, फक्त जाडी आणि एफओव्ही तपासावा आणि चालवावा.

संपल्या संपल्या, पुढचं काही सुरू करण्यापूर्वी, मधले दहा-बारा छेद उघडून बघा. मिडब्रेनची कड दुहेरी दिसत असेल किंवा कपाळापासून मागे लाटा गेल्या असतील तर तिथल्या तिथे पुन्हा घ्या. धूसर कडेवर काढलेलं क्षेत्रफळ कितीही दशांशांत लिहिलं तरी खोटंच.

त्यानंतर टी२ अ‍ॅक्सियल (आडवे छेद) ३ ते ४ मि.मी., फ्लेअर (थ्रीडी जमलं तर उत्तम), डिफ्यूजन आणि एसडब्ल्यूआय. सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं. ३ टेस्लावर एसडब्ल्यूआयमध्ये सब्स्टॅन्शिया नायग्राची (मिडब्रेनमधल्या काळसर पट्ट्याची) 'स्वॉलो टेल' खूण बघता येते. पण ती पार्किन्सन्समध्येही नाहीशी होते आणि पीएसपीतही, त्यामुळे या दोघांत फरक करायला तिचा उपयोग नाही.

मध्यरेषा पकडणं

वर्कस्टेशनवर १ मि.मी.ची सिरीज एमपीआरमध्ये, म्हणजे तिन्ही दिशांचे छेद एकत्र दाखवणाऱ्या खिडक्यांत, उघडा. अ‍ॅक्सियल खिडकीत उभी रेघ दोन गोलार्धांमधल्या फटीवर आणा. कोरोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या छेदाच्या) खिडकीत तीच रेघ तिसऱ्या व्हेंट्रिकलमधून आणि सेप्टममधून (मधल्या पातळ पडद्यातून) गेली पाहिजे. दोन्हीकडे जुळवल्याशिवाय सॅजिटलकडे बघू नका. डोकं एका बाजूला कललेलं असेल तर एका खिडकीत सरळ वाटणारी रेघ दुसरीत तिरकी असते.

आता सॅजिटल तपासा. तिसऱ्या व्हेंट्रिकलपासून चौथ्यापर्यंत पाणी नेणारी बारीक वाट, म्हणजे अ‍ॅक्विडक्ट अखंड दिसला पाहिजे, पिट्युटरीचा देठ दिसला पाहिजे. थॅलॅमसचा गोळा किंवा पेडंकल डोकावत असेल तर तुम्ही बाजूला आहात, अर्धा-एक मि.मी. सरका. एमपीआरची जाडी १ मि.मी.च ठेवा. बऱ्याच वर्कस्टेशनवर ती आपोआप ३ किंवा ५ ला जाते आणि 'अ‍ॅव्हरेज' चालू असतो, तो बंद करा.

नीट बसलेल्या छेदात निरोगी माणसाच्या मिडब्रेनची वरची कड बाहेर फुगलेली असते. पीएसपीत ती सपाट होते, नंतर आत दबते, आणि पॉन्स मात्र जवळपास शाबूत राहतो. मिडब्रेनचं लहान डोकं, पुढे निमुळती चोच, खाली पॉन्सचं गुबगुबीत अंग, यावरून याला हमिंगबर्डची खूण म्हणतात. काही जण पेंग्विन म्हणतात. अ‍ॅक्सियलमध्ये टेगमेंटमच्या (मिडब्रेनच्या मधल्या भागाच्या) बाजूची कड आत वळली की मॉर्निंग ग्लोरी, म्हणजे त्या फुलासारखी खूण. शवविच्छेदनाने निदान पक्कं झालेल्या रुग्णांच्या मालिकेत हमिंगबर्ड साधारण दोन तृतीयांश जणांत दिसला, मॉर्निंग ग्लोरी निम्म्यांत. म्हणजे पक्षी दिसला तर वजन मोठं, पण दिसला नाही म्हणून आजार नाही असं लिहू नये. नजरेवर भरवसा ठेवण्यापेक्षा मोजलेलं बरं.

मोजमाप

पहिली रेघ: पुढच्या बाजूला मिडब्रेन आणि पॉन्स यांच्यामधली खाच, तिथून मागे क्वाड्रिजेमिनल प्लेटच्या (मिडब्रेनच्या मागच्या भिंतीच्या) खालच्या टोकापर्यंत. दुसरी रेघ तिला समांतर, पॉन्सच्या खालच्या खाचेतून. पहिल्या रेघेच्या वर, पुढच्या कडेपासून मागे अ‍ॅक्विडक्टपर्यंत मिडब्रेन आखा. अ‍ॅक्विडक्टच्या मागचा टेक्टम घ्यायचा नाही. पुढे-वर असलेली मॅमिलरी बॉडीही घ्यायची नाही. नवशिक्याकडून ती हमखास आत येते आणि क्षेत्रफळ उगीच वाढतं. दोन रेघांच्या मधे, पुढच्या कडेपासून चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळापर्यंत पॉन्स.

२००५ साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात मिडब्रेनचं सरासरी क्षेत्रफळ पीएसपीत ५६ चौ.मि.मी. होतं, पार्किन्सन्समध्ये १०३ आणि निरोगी लोकांत सुमारे ११८. मिडब्रेन भागिले पॉन्स हे गुणोत्तर पीएसपीत सरासरी ०.१२, निरोगी लोकांत ०.२४ च्या आसपास. तुमचा क्षेत्रफळाचा आकडा ७० च्या आत आला तर दुसऱ्यांदा आखा, आणि तरीही तेवढाच आला तर गांभीर्याने घ्या.

ओपीडीत घाईच असेल तर सोपी रीत आहे. त्याच छेदावर मिडब्रेनमध्ये एक लंबवर्तुळ बसवा, पॉन्समध्ये दुसरं. प्रत्येकाच्या लांब अक्षाला काटकोनात सगळ्यात मोठी रुंदी मोजा. मिडब्रेनची ९.३५ मि.मी.पेक्षा कमी, किंवा मिडब्रेन भागिले पॉन्स ०.५२ पेक्षा कमी, म्हणजे पीएसपीकडे पारडं झुकलं.

एमआरपीआय यापेक्षा एक पायरी पुढे. सूत्र असं: (पॉन्सचं क्षेत्रफळ ÷ मिडब्रेनचं क्षेत्रफळ) × (मिडल पेडंकलची रुंदी ÷ सुपीरिअर पेडंकलची रुंदी). मिडल पेडंकल पॅरासॅजिटलवर (मध्यरेषेच्या बाजूच्या उभ्या छेदावर), जिथे तो पॉन्स आणि लहान मेंदूच्या मधे सगळ्यात ठळक दिसतो तिथे, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. सुपीरिअर पेडंकल तिरक्या कोरोनलवर, चौथ्या व्हेंट्रिकलच्या तळाला समांतर छेद घेऊन, लांबीच्या मध्यावर, लांबीला काटकोनात. दोन्ही डावे-उजवे मोजून सरासरी. २००८ सालच्या मूळ अभ्यासात १३.५५ ही सीमा धरली होती.

एक हिशोब करून बघू. पॉन्स ४९०, मिडब्रेन ६२, मिडल पेडंकल ९.० आणि सुपीरिअर २.६. ४९० ÷ ६२ = ७.९०, ९.० ÷ २.६ = ३.४६, गुणाकार २७.४. इथे शंका उरत नाही. आता निरोगी माणूस: ५२० ÷ १२५ = ४.१६, ९.२ ÷ ३.८ = २.४२, गुणाकार १०.१. या दुसऱ्या माणसाचा सुपीरिअर पेडंकल कुणी ३.८ ऐवजी २.८ मोजला, तर उत्तर १३.७ येतं आणि धडधाकट माणूस सीमा ओलांडून पीएसपीत जाऊन बसतो. एक मि.मी.ची चूक, म्हणजे एकच पिक्सेल. म्हणून एमआरपीआय १२ ते १६ च्या दरम्यान आला तर फक्त त्या आकड्यावर काही ठरवू नका. सुपीरिअर पेडंकल इमेज मोठी करून पुन्हा मोजा, शक्यतो दुसऱ्या माणसाकडून. विंडोची (इमेजच्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या सेटिंगची) रुंदी प्रत्येक वेळी तीच ठेवा. विंडो बदलली की कड आत-बाहेर सरकते.

पीएसपीसारखं दिसणारं दुसरं काही

सगळ्यात जास्त घोटाळा नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसशी, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचण्याच्या आजाराशी, होतो. पाय घासत चालणं आणि लघवीवर ताबा नसणं दोन्हीकडे असतं, आणि फुगलेलं तिसरं व्हेंट्रिकल मिडब्रेनला वरून दाबून सपाट करतं. पीएसपीतही व्हेंट्रिकल्स रुंदावतात. त्यामुळे काही जणांना उगाच शंट (पाणी वाहून नेणारी नळी) बसतो आणि काही हायड्रोसेफॅलसवाल्यांचा शंट राहून जातो. इव्हान्स इंडेक्स (व्हेंट्रिकल्सच्या पुढच्या भागाची रुंदी भागिले कवटीची आतली रुंदी) ०.३ च्या वर, कॉर्पस कॅलोसमचा कोन ९० अंशांच्या आत, डोक्याच्या वरच्या बाजूच्या खाचा दाटलेल्या, असं असेल तर हायड्रोसेफॅलसचा विचार आधी. अ‍ॅक्विडक्ट मोकळा आहे का तेही बघायचं.

एमएसएमध्ये, म्हणजे मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी या पार्किन्सन्ससारख्या आजारात, उलटं होतं. पॉन्स आणि मिडल पेडंकल झिजतात, टी२ वर पॉन्समध्ये पांढरी फुली उमटते, तीच हॉट क्रॉस बन. ती काही प्रकारच्या आनुवंशिक अटॅक्सियातही (तोल बिघडवणाऱ्या आजारांतही) दिसते, म्हणून घरात आणखी कुणाला असं झालं होतं का हे विचारावं. पॉन्स लहान झाला की मिडब्रेनशी गुणोत्तर फसवं होतं. दोन्ही लहान असले तर भागाकार नॉर्मल येतो, म्हणून मूळ क्षेत्रफळं रिपोर्टमध्ये लिहावीतच. बेसल गँगलियात आणि पांढऱ्या भागात बारीक बारीक लॅक्यून (रक्तपुरवठा तुटून पडलेले छोटे खड्डे) पसरलेली असतील तर रक्तवाहिन्यांमुळे झालेल्या पार्किन्सनिझमचा विचार करावा. मधुमेह-बीपीवाल्यांत हे भरपूर दिसतं.

रिपोर्ट आणि सीडी

रिपोर्टमध्ये 'मिडब्रेन थोडा बारीक वाटतो' यावर थांबू नये. कोणत्या सीक्वेन्सवर मोजलं, छेदाची जाडी किती, मिडब्रेन आणि पॉन्स किती चौ.मि.मी., गुणोत्तर, एमआरपीआय, तिसरं व्हेंट्रिकल, दिसलेल्या आणि न दिसलेल्या खुणा, एवढं यावं. निष्कर्षात 'पीएसपीशी सुसंगत' लिहा, 'पीएसपी आहे' असं नको. २०१७ च्या निदान-निकषांतही मिडब्रेनच्या झिजेला पूरक पुराव्याचंच स्थान आहे. निदान डोळे, तोल आणि हालचाली तपासून होतं.

घरच्यांनी फिल्मवर समाधान मानू नये. फिल्मवर निवडक छेद छापलेले असतात, १ मि.मी.ची अख्खी सिरीज कधीच नसते. काउंटर सोडण्यापूर्वी सीडी तिथल्याच संगणकावर उघडून मागा. सॅजिटल टी१ मध्ये दीडशेच्या वर इमेजेस दिसल्या तर काम झालं. वीस-बावीसच दिसल्या तर जाड छेद दिलेत, मूळ सिरीज पुन्हा भरून मागा. घरी आल्यावर लगेच पेनड्राइव्हवर प्रत काढा, कारण सेंटर जुना डेटा कायम ठेवत नाही आणि सीडीला ओरखडे पडतात. न्यूरोलॉजिस्टला ही फाइल थ्रीडी स्लायसर किंवा वीझिससारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही उघडता येते.

स्कॅन खरोखरच नॉर्मल असला तर? पहिल्या एक-दोन वर्षांत असं होऊ शकतं. तेव्हा सहा-आठ आठवड्यांनी दुसऱ्या सेंटरला जाऊन तोच एमआरआय पुन्हा काढण्यात पैसे घालवू नका. वर्षभराने, त्याच मशीनवर, तोच प्रोटोकॉल, आणि मोजणाराही शक्यतो तोच. मशीन बदललं की एक-दोन चौरस मिलिमीटरचा फरक आजाराचा की मशीनचा हे सांगता येत नाही. दरम्यान पडणं, गिळणं आणि डोळे यांची नोंद वहीत ठेवावी.

पुढचे स्कॅन

ट्रोडॅट स्पेक्ट किंवा एफडोपा पेट हे डोपामिनचे स्कॅन बहुतेकदा पार्किन्सन्स आहे का हे बघायला सांगतात. पण डोपामिनची कमतरता पीएसपी, एमएसए आणि पार्किन्सन्स या तिन्हींत दिसते. औषधांमुळे आलेला ताठरपणा वेगळा काढायला हे स्कॅन उपयोगी, या तिघांत निवड करायला नाही. निवडीसाठी एफडीजी पेट, म्हणजे मेंदूतला ग्लुकोजचा वापर दाखवणारा स्कॅन, जास्त बोलतो. पीएसपीत मिडब्रेन, फ्रंटल भागाची आतली बाजू आणि कॉडेट यांचा ग्लुकोजचा वापर घटलेला दिसतो. एमआरआयवर आकडे काठावर असतील आणि उत्तराने उपचारात काही फरक पडणार असेल, तरच हा खर्च करावा.

एफडीजीला चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं, साधं पाणी चालतं. साखर २०० च्या आत हवी. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या वेळा सेंटरला आधी विचारून घ्या, मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर अंधाऱ्या, शांत खोलीत डोळे मिटून पडायचं असतं. तेव्हा नातेवाइकांनी गप्पा मारू नयेत, फोन दाखवू नये. बघणं-ऐकणं-बोलणं याचा मेंदूच्या चित्रावर परिणाम होतो.

अपॉइंटमेंट पुण्या-मुंबईची असेल तर जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा. एफडीजीतली किरणोत्सर्गी मात्रा दर ११० मिनिटांनी निम्मी होते. तुमच्या नावाचा डोस तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबून राहत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी चढून हायवे बंद पडला होता. त्या दिवसांतली तारीख मिळाली तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून आदल्या दिवशीच पुण्याला मुक्कामाला जा, आणि उपाशी राहायची वेळ तिथून मोजा.